उच्चारणे अत्यावश्यक होते का?

खाकी लिफाफ्यावर ‘गोपनीय’ असा शिक्का होता आणि लिफाफा उघडाच होता. आमच्या कॉलेजात गोपनीय कागद असाच फिरतो. जावक नोंदवहीत त्याचा विषय लिहितात, नोंदवही काउंटरवर पडलेली असते आणि काउंटरवर परीक्षेचे फॉर्म भरायला निम्मं कॉलेज उभं असतं. शिपाईमामांनी सही घेतली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “सर, चहा सांगू का?” बावीस वर्षांत मामांनी आपणहून चहा विचारला नव्हता. पत्र वाचायच्या आधीच मला कळलं, आपलं काहीतरी शेकलंय.

विषय असा होता : ‘अध्यापनादरम्यान जातिवाचक उल्लेख केल्याबाबत प्राप्त तक्रारीच्या अनुषंगाने खुलासा सादर करणेबाबत.’ मी मराठी शिकवतो. त्यामुळे एका ओळीत दोन ‘बाबत’ बघून पहिला राग भाषेचाच आला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा ‘जातिवाचक’ हा शब्द दिसला आणि तळहाताला घाम फुटला. सात दिवसांत लेखी खुलासा द्यायचा होता. तक्रार कोणाची, मी नेमकं काय बोललो, कुठल्या तासाला, यातलं काहीच पत्रात नव्हतं. तक्रारीची प्रतही सोबत नव्हती. खाली ‘समान संधी कक्ष’ असा रबरी शिक्का. हा कक्ष आमच्याकडे आहे हे मला माहीत होतं, कारण नॅकची, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेची, टीम यायची होती तेव्हा त्याच्या पाटीचं शुद्धलेखन मीच तपासून दिलं होतं.

हे २०२५ च्या ऑगस्टातलं.

तक्रार कुठल्या तासाची असणार ते मला लगेच उमगलं. द्वितीय वर्ष कला, मराठी विशेष, ‘भाषा आणि समाज’ हा पेपर. आमचं कॉलेज स्वायत्त, त्यामुळे अभ्यासक्रम आमचाच, आणि त्यातला म्हणींचा घटक तर मी हट्टाने घातलेला. शिकवायची पद्धत ठरलेली. जातींवरच्या म्हणी फळ्यावर लिहायच्या आणि मुलांना तीन प्रश्न विचारायचे. ही म्हण कोण म्हणतंय? कोणाबद्दल म्हणतंय? आणि ज्याच्याबद्दल म्हटलंय, तो तिथे हजर आहे का? तिसरा प्रश्न माझा स्वतःचा. त्याचा मला अभिमान होता.

‘सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ इथून सुरुवात करतो. वर्ग हसतो. मग ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’. माझं आडनाव ऐकलं की जात विचारावी लागत नाही, म्हणून ही म्हण जरा रंगवून सांगतो, खुर्चीत पाय ताणून बसूनही दाखवतो. वर्ग आणखी हसतो. आधी स्वतःवर हसून घेतलं की पुढचं बोलायला मोकळीक मिळते, असा माझा बरीच वर्षं समज होता. मग ‘कुंभाराची सून उकिरड्यावर यायचीच’. मग ‘गाव तिथे महारवाडा’. मग ‘चांभाराच्या देवाला खेटराची पूजा’. सगळ्या लिहून झाल्या की मुद्द्याला हात घालायचा : म्हणींत वरच्या जातींच्या वाट्याला लबाडी येते, हाव येते, खालच्यांच्या वाट्याला उकिरडा येतो, खेटर येतं. लबाड माणूस उद्या सुधारेल. उकिरड्यावर नेमून दिलेली जागा कशी सुधारायची? हा मुद्दा तासाच्या शेवटी यायचा. त्या दिवशी बेल आधी झाली.

बेलच्या आधी आणखी एक झालं. शेवटची म्हण लिहून मी वळत होतो तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी एक नाव घेतलं. हळूच, गंमत केल्यासारखं. दोन-तीन माना खिडकीकडच्या तिसऱ्या बाकाकडे वळल्या आणि हसू फुटलं. मी पुन्हा फळ्याकडे तोंड केलं आणि वरच्या कोपऱ्यात तारीख लिहिली. तारीख आधीच लिहिलेली होती.

खुलाशाचा पहिला मसुदा नऊ पानांचा झाला. त्यात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश आला : १८३१ ची पहिली आवृत्ती, १८५७ ची दुसरी, आणि शब्दाखाली म्हणी देण्याची त्याची रीत. दाते-कर्व्यांचा वाक्संप्रदाय कोश आला. ‘भाषेच्या अभ्यासकाला शब्दांचं सोवळं-ओवळं पाळून चालत नाही’ असं एक वाक्य आलं, त्याच्यावर मी फारच खूश होतो. मग २०१० आलं. त्या वर्षी मुंबई विद्यापीठाने रोहिंटन मिस्त्री यांची कादंबरी, प्रती जाळल्या गेल्यावर, अभ्यासक्रमातून काढली होती. कुलगुरूंनी त्यासाठी कायद्यातला तातडीचा अधिकार वापरला होता. माझ्या दीड तासाच्या वर्गाची तुलना मी कुठपर्यंत नेऊन भिडवली होती ते बघा.

आणि मग २०१२. त्या मे महिन्यात अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातल्या एका व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. शंकर यांनी १९४९ मध्ये काढलेलं चित्र : संविधानाच्या गोगलगाईवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. लगेच पुणे विद्यापीठात पळशीकर सरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. आम्ही इथल्या काही प्राध्यापकांनी तेव्हा निषेधाचं पत्रक काढलं होतं. मसुदा माझा. पहिली सही राज्यशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मित्राची. तो बौद्ध, विद्यार्थिदशेपासून चळवळीतला. त्या सहीपायी वस्तीत आणि घरात त्याला काय ऐकून घ्यावं लागलं, हे मला ठाऊक आहे.

म्हणून नऊ पानं घेऊन मी आधी त्याच्याकडेच गेलो. त्याने सावकाश वाचली. म्हणाला, “छान झालंय. छापून येईल.” मग चष्मा काढून, “त्या तासाला नेमकं काय झालं ते यात कुठंय?” मी सांगितलं. मागच्या बाकाचंही सांगितलं. त्याला ते सांगताना मला अडचण वाटली नाही, हे विशेष.

मी म्हटलं, पाठिंब्याचं एक पत्र काढू या, २०१२ सारखं. तो म्हणाला, “ते पुस्तक होतं रे. पुस्तक मिटता येतं. तुझ्या तासातून ती पोरगी उठून कुठं जाणार? पंचाहत्तर टक्के हजेरी तूच मोजतोस.” जरा थांबून म्हणाला, “आणि तुझ्या लेखात थोरात सर राहिले.” २०१२ च्या वादानंतर पुस्तकांतली व्यंगचित्रं तपासायला नेमलेली समिती सुखदेव थोरातांच्या अध्यक्षतेखाली होती. तिने बरीच चित्रं काढायला सांगितली, एम. एस. एस. पांडियन यांनी एकट्याने विरोधी मत नोंदवलं. आणि हेच थोरात त्याआधी दिल्लीच्या एम्समधल्या जातिभेदाची चौकशी करून २००७ मध्ये अहवाल देणारे. देशातल्या उच्च शिक्षणसंस्थांत हा विषय कागदावर आणणारा तो पहिला मोठा अहवाल. “एम्सवाले थोरात तुला पटतात, व्यंगचित्रवाले पटत नाहीत. मलाही नाही पटले. पण माणूस एकच आहे, एवढं ध्यानात ठेव,” तो म्हणाला. पत्रावर सही करायला त्याने नकार दिला. चहा मात्र पाजला.

नऊ पानांची दीड पानं वकील वर्गमित्राने केली. त्याचं म्हणणं सरळ होतं : “जातीचं नाव घेऊन अपमान केला तर अ‍ॅट्रॉसिटी लागते. स्वर्णसिंग प्रकरणात २००८ साली सुप्रीम कोर्टाने तेच सांगितलंय. पण सगळं इराद्यावर आहे. तू फक्त इरादा लिही. मोल्सवर्थ दिवाळी अंकाला दे.” त्याप्रमाणे लिहिलं. अभ्यासक्रमाचं पान जोडलं, घटकावर पेनाने खूण केली. शेवटी एक वाक्य टाकलं : ‘सदर तासिकेत कोणत्याही विद्यार्थ्याने शेरेबाजी केल्याचे माझ्या निदर्शनास आलेले नाही.’ हे वाक्य वकिलाचं नव्हतं. माझं होतं.

पुढचे पंधरा दिवस फोनचे. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी रात्री साडेनऊला फोन करून सांगितलं, “सर, मिटवून टाका.” काय मिटवायचं, कोणाबरोबर, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर माझा स्नेहसंमेलनातला फेटा बांधलेला फोटो ‘जातीयवादी प्राध्यापक’ या मथळ्याखाली फिरला. तो मला बायकोच्या मोबाईलवर बघायला मिळाला. एका रविवारी दोन तरुण पुष्पगुच्छ घेऊन घरी आले. माझ्या जातीच्या कुठल्यातरी संघटनेचे. “सर, आपण एकटे नाही. हे लोक आता फार डोक्यावर बसलेत.” बोलता बोलता त्यांनी त्या मुलीचं नाव घेतलं, ती कुठल्या गल्लीत राहते तेही सांगितलं. मला तोवर नाव अधिकृतपणे कळलेलं नव्हतं. फोटोने जेवढं घाबरलो नव्हतो तेवढा त्या वाक्याने घाबरलो. हिने चहा केला नाही. पुष्पगुच्छ सोफ्यावरच राहिला आणि दुसऱ्या दिवशी घंटागाडीत गेला.

तक्रारीची प्रत दोन अर्जांनंतर मिळाली. नाव काळ्या मार्करने खोडलेलं. पण वर्षभर ज्या मुलीच्या ट्यूटोरियल तपासल्या तिचं अक्षर खोडता येत नाही. रेघी कागद, दोन्ही बाजूंना मिळून दीड पान, समास आखलेला. मी खुर्चीत बसून वाचलं, मग उठून दार लावून पुन्हा वाचलं.

‘सरांनी ही म्हण शिकवू नये असे माझे म्हणणे नाही. अभ्यास म्हणून शिकवावीच. परंतु मागून माझे नाव घेतले गेले तेव्हा सर थांबले नाहीत. सरांनी तारीख पुन्हा लिहिली.’

आणि खाली, वेगळा परिच्छेद करून : ‘तसेच सदर म्हण चुकीची आहे. आमच्या घरी खंडेनवमीला रापी, आरी व हातोडी यांची पूजा होते. खेटराची होत नाही. यावर वर्गात बोलावे ही विनंती.’

तिचे वडील एसटी स्टँडसमोर बसतात, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. वर्गातल्या निम्म्यांच्या चपलांना त्यांचा टाका आहे. मी मात्र वीस वर्षं म्हणींवर बोलतोय, दोन शोधनिबंध आहेत माझे, आणि म्हण ज्या घराबद्दल बोलते त्या घरात नवमीला पाटावर काय मांडतात हे विचारावं, असं मला एकदाही सुचलेलं नव्हतं. हत्यारं पुजायची रीत सुताराकडे आहे, लोहाराकडे आहे, आमच्या गल्लीतला रिक्षावाला रिक्षा पुजतो. चर्मकाराच्याच बाबतीत म्हणीने हत्यार उचलून जागेवर पायताण ठेवलं. ही केवढी मोठी नोंद आहे. ती माझ्या निबंधात हवी होती, आली ती तक्रारीत.

सुनावणी आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या, खोलीत झाली. भिंतीला नॅकच्या फायली, टेबलावर ग्लुकोज बिस्किटं. समितीच्या अध्यक्ष, म्हणजे नियमांप्रमाणे भेदभावविरोधी अधिकारी, आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडम. अत्यंत सज्जन बाई. हे काम त्यांनी मागितलेलं नव्हतं, ज्येष्ठतेने गळ्यात पडलेलं. समोर २०१२ च्या नियमावलीची प्रिंट, पिवळ्या रंगाने रंगवलेली. ही युजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, भेदभावविरोधी नियमावली मीही आदल्या रात्री पहिल्यांदा नीट वाचली. वाईट नाही. विद्यार्थ्याची जात वर्गात जाहीर करू नये, राखीव जागेवरचा म्हणून त्याची ओळख करून देऊ नये, अशी अगदी वर्गातल्या बाकापर्यंत उतरणारी कलमं तिच्यात आहेत. तक्रार साठ दिवसांत निकाली काढायची आहे. ती बहुतेक ठिकाणी आमच्यासारखीच पाटीपुरती राहिली, म्हणून तर २०१९ मध्ये हैदराबादेत आत्महत्या केलेल्या रोहित वेमुलाची आई राधिका आणि पायल तडवीची आई आबेदा, या दोघींना सुप्रीम कोर्टाची पायरी चढावी लागली. पायल जळगावकडची. मुंबईत एमडी करत असताना गेली. आमच्या भागात ते नाव पेपरातलं नाव नाही.

मॅडमनी विचारलं, “म्हण किती वेळा उच्चारली?”

“दोनदा. एकदा लिहिताना, एकदा वाचून दाखवताना.”

“म्हणजे लिहिलीसुद्धा?” सचिवांनी टिपून घेतलं.

“उच्चारणे अत्यावश्यक होते का?” हा प्रश्न त्यांनी कागदावरून वाचला, म्हणून तो लेखी मराठीत आला.

याचं उत्तर माझ्याकडे घरून तयार होतं. म्हटलं, “मॅडम, तुम्ही प्रयोगशाळेत सल्फ्युरिक अ‍ॅसिडचं नाव न घेता शिकवता का? बाटली दाखवताच ना?”

“दाखवते की,” त्या म्हणाल्या. “हातमोजे घालून.”

त्यांना टोला हाणायचा नव्हता. रोजची सवय त्यांनी सांगितली. क्रीडा संचालक हसले, मग गप्प झाले. मी पाणी प्यायलो.

त्यानंतर वीस मिनिटं प्रश्न झाले. अभ्यासक्रम कोणी मंजूर केला, संदर्भग्रंथ कोणते, यापूर्वी तक्रार होती का. मागच्या बाकावरून नाव कोणी घेतलं, कोण हसलं, हे कोणीच विचारलं नाही. तक्रार प्राध्यापकाविरुद्ध होती, त्यामुळे चौकशी प्राध्यापकाची. मुलीला आदल्या दिवशी स्वतंत्र बोलावून घेतलं होतं. तिचं म्हणणं मला ऐकवलं नाही, माझं तिला ऐकवणार नव्हते. दोघांना एका खोलीत बसवणं नियमात बसत नाही म्हणाले. त्यामागचं कारण मला कळतं, प्राध्यापकासमोर मूल बोलणार नाही. पण त्यामुळे असं झालं, की जी एकच गोष्ट आम्हां दोघांनाही माहीत होती ती त्या खोलीत आलीच नाही. शेवटी मॅडम म्हणाल्या, “आणखी काही सांगायचंय का सर?”

मी म्हणालो, “नाही.”

जिन्यावरून उतरताना पाय जड झाले वगैरे काही नाही. खरं तर हायसं वाटलं. रात्री झोप लागली नाही, एवढंच. तिसऱ्या दिवशी एक पानाचा पुरवणी खुलासा लिहिला : शेरा मी ऐकला होता, माझ्या आधीच्या खुलाशातलं शेवटचं वाक्य खरं नाही, त्या वेळी थांबायला हवं होतं. मॅडमनी तो वाचला आणि हळू आवाजात म्हणाल्या, “सर, हे आता कशाला? तुमच्या बाजूनेच चाललंय.” मी म्हटलं, फाईलला लावा. लावला. पान क्रमांक सत्तेचाळीस. वकील मित्राला सांगितलं तेव्हा त्याने मला शाळेतल्या टोपणनावाने शिवी दिली.

अठ्ठावन्नाव्या दिवशी निर्णय आला. ‘सदर विधान अभ्यासक्रमाच्या अनुषंगाने शैक्षणिक संदर्भात केलेले असल्याने हेतुपुरस्सर भेदभाव सिद्ध होत नाही. तथापि भविष्यात अध्यापन करताना वादग्रस्त आशय टाळण्याची दक्षता घ्यावी.’ पान सत्तेचाळीसचा उल्लेख नाही. वर्गात बोलावे, या तिच्या विनंतीचा उल्लेख नाही. रापी-आरीचा तर प्रश्नच नव्हता. स्टाफरूममध्ये दोघा-तिघांनी पेढे मागितले.

मला विचाराल तर निकालाचं पहिलं वाक्य मला वाचवणारं होतं आणि दुसरं माझा विषय काढून घेणारं. दुसऱ्यावर मी हरकत घेतली, लेखी. ‘वादग्रस्त आशय’ म्हणजे काय, हे कळवावं अशी विनंती केली. वाद नसलेला आशय मराठीच्या अभ्यासक्रमात कितीसा आहे? तुकोबांपासून सुरुवात करा. उत्तर आलं नाही. ‘दक्षता घ्यावी’ या शब्दांत हीच सोय असते, कशाची ते सांगावं लागत नाही. माणूस मग आपणच आपली यादी करतो आणि ती नेहमी हवी त्यापेक्षा लांब होते. मी ती केली. दलित आत्मकथनाच्या उताऱ्यातली एक शिवी त्या आठवड्यात मी ‘इथे एक अपशब्द आहे’ म्हणून ओलांडली. ज्या लेखकाने ती शिवी जन्मभर खाल्ली आणि मग छापली, त्याच्या वतीने मी सभ्यपणा केला. बाहेर आल्यावर स्वतःचीच चीड आली.

सत्राचे तीन आठवडे उरले होते आणि घटक अर्धा राहिला होता. मी तिला व्हरांड्यात गाठलं, चारचौघांत, मुद्दाम. म्हटलं, खंडेनवमीचं तू लिहिलंयस ते वर्गात यायला हवं. तू बोलशील का? ती म्हणाली, “नको सर. मी कशाला? तुम्हीच सांगा ना.” तिच्या आवाजात रुसवा नव्हता, कंटाळा होता. वर्गाला शिकवायचं काम मी तिच्यावर ढकलत होतो, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

मग मी सांगितलं. नाव न घेता. त्या तासाला काय झालं, मी काय ऐकलं आणि काय केलं, तेही सांगितलं. तारखेचंही. फळ्यावर एका बाजूला म्हण, दुसऱ्या बाजूला ‘रापी, आरी, हातोडी’ लिहिलं. रापी म्हणजे काय, हे वर्गातल्या सव्वीसपैकी एकोणीस जणांना माहीत नव्हतं. चामडं कापायचं, रुंद पात्याचं हत्यार. मी चित्र काढलं, वाईट काढलं. ती म्हणाली, “सर, पातं इतकं सरळ नसतं,” आणि जागेवरूनच हवेत बोटाने गोलवा काढून दाखवला. मागच्या बाकावरचा एक जण खाली बघत होता. तोच होता की नव्हता, मला सांगता येणार नाही. दुसऱ्याने हात वर केला, “सर, हे परीक्षेला आहे का?” मी हो म्हटलं. सगळ्यांनी लिहून घेतलं.

जानेवारीत वाऱ्यांची दिशाच बदलली. १३ जानेवारी २०२६ ला युजीसीची नवी समता नियमावली आली. तक्रार आली की चोवीस तासांत समिती बसणार, पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल, समता पथकं, समता दूत. आधीच्या मसुद्यात नसलेले ओबीसी व्याख्येत आले, आणि मसुद्यात असलेली खोट्या तक्रारीची शिक्षा गाळली गेली. खुल्या प्रवर्गातले सहकारी खवळले, बाकीचे त्यांच्यावर खवळले. स्टाफरूममध्ये माझी किंमत एकदम वाढली, कारण अनुभवी मी एकटाच. एक बाजू म्हणायची, सांगा सर, तुम्हाला कसा त्रास झाला. दुसरी म्हणायची, सांगा सर, समितीने मुलीचं ऐकलं तरी का. मी दोन्ही सांगायचो. मग मला कोणी विचारेनासं झालं. २९ जानेवारीला सुप्रीम कोर्टाने नव्या नियमांना स्थगिती दिली, २०१२ चेच पुढे चालू राहतील म्हणून सांगितलं, आणि स्टाफरूम परत पगाराच्या बिलाकडे वळली. मला राहून राहून वाटत होतं, साठ दिवसांऐवजी पंधरा दिवस मिळाले असते तर पुरवणी खुलासा लिहायला मला सवडच झाली नसती. उलट, पहिल्याच दिवशी कोणीतरी आम्हां दोघांना विचारलं असतं, तर तो लिहावाही लागला नसता.

याच गदारोळात अभ्यास मंडळाची बैठक झाली. नव्या वर्षासाठी म्हणींचा घटक काढून ‘जाहिरातींची भाषा’ घालायचा प्रस्ताव. मंडळावर उद्योगक्षेत्राचे प्रतिनिधी असावे लागतात. आमचे छापखानेवाले आहेत, त्यांनी मनापासून अनुमोदन दिलं. एक बाहेरचे तज्ज्ञ म्हणाले, “सरकारनेच २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. आपण म्हणी कशाला कवटाळून बसायचं?” मी म्हटलं, वस्तीचं नाव बदललं ते योग्यच. तिथे माणसं राहतात, पोरांच्या दाखल्यावर तो पत्ता चढतो. म्हणीत कोणी राहत नाही. ती अशी का बनली हे विचारायचं तर ती समोर लागते. “बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले, “पण तुमच्याच प्रकरणानंतर…” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी विरोध नोंदवायला सांगितलं. इतिवृत्त आलं तेव्हा त्यात होतं : ‘एका सदस्यांचे भिन्नमत नोंदवून ठराव सर्वानुमते मंजूर.’ मी मराठीचा माणूस, पण यावर काही खूण करायचं सुचलं नाही.

फेब्रुवारीत ती विभागात आली. अंतर्गत मूल्यमापनाची फाईल द्यायला. तिच्या आजीने सांगितलेल्या म्हणी होत्या त्यात, चर्मकारांच्या घरात इतरांबद्दल ज्या बोलल्या जातात त्या. मी दोन वाचल्या आणि मोठ्याने हसलो. एक आमच्यावर होती. तीही हसली.

दाराशी जाऊन ती थांबली. “सर, माझी बहीण जूनमध्ये बी.ए.ला येतीय. तिला मराठीच घ्यायला सांगितलंय. पुढच्या वर्षी हा म्हणींचा पेपर असेल ना तिला?”

“पेपर आहे. तो घटक काढलाय.”

“का?”

मी फाईलवर शिक्का मारत होतो. तारीख टाकली.

“मी तर तसं लिहिलं नव्हतं,” ती म्हणाली.